मुद्दाम पाडलेला चेंडू

लोवेल डायक्स्ट्राच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक कॅलेंडर असायचं. बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळणारं. त्यातल्या शनिवारच्या चौकोनांत त्याची बायको नेल्डा बारीक अक्षरात लिहून ठेवायची. 'प्रेस्कॉटांच्या नातीचा वाढदिवस, फुगे हवेत.' 'ग्रंथालय, ससा नक्की.' 'चर्चचं तळघर, भुताखेताचं काही नको म्हणतात.' एकतीस वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते आहे आणि कधी अंडी, कधी कपभर साखर मागायला त्या स्वयंपाकघरात कितीदा गेले असेन ते सांगता यायचं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या कॅलेंडरवर रिकामा शनिवार मी पाहिला नाही.

लोवेल आमच्या आल्डर फॉल्सचा पोस्टमन. गावाच्या उत्तरेकडच्या भागात त्याने चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं जादूचे खेळ केले. उंच, जरासा पोक काढून चालणारा, कान मोठे. कुणी काही मागितलं की आधी ते कान लाल व्हायचे आणि मग तोंडातून निघायचं, "हो, का नाही." हे 'हो, का नाही' गावाला इतकं पाठ होतं की शाळेतली मुलं त्याची नक्कल करायची. दारातला बर्फ उपसायचाय? लोवेलला सांगा. सुट्टीला जायचंय आणि मांजराला खायला कोण घालणार? लोवेल आहे की. जादूगार म्हणून त्याने स्वतःसाठी काहीतरी भारदस्त नाव ठरवलं होतं म्हणे. पण पहिल्याच जत्रेत निवेदकाने त्याला 'गमत्या लोवेल' म्हणून पुढे बोलावलं, लोक हसले, आणि लोवेलने काही ते दुरुस्त केलं नाही. आधीचं नाव काय होतं ते आता नेल्डालाही आठवत नाही.

जादूशी त्याची गाठ पडली ती न्हाव्याच्या दुकानात. तेविसाव्या वर्षी नवीनच नोकरी लागलेली असताना तो ऑगी प्रेंगरांच्या दुकानात टपाल द्यायला गेला. गिऱ्हाईक नव्हतं. ऑगी आरशाखालच्या फळीवर तीन तांब्याचे पेले पालथे घालून लाल लोकरीचे तीन छोटे चेंडू फिरवत बसले होते. चेंडू एका पेल्याखाली ठेवला की दुसऱ्याखाली निघायचा, मुठीत घेतला की मुठीत नसायचा, आणि शेवटी तिन्ही पेले उचलले तर खाली तीन लिंबं. तोंडाने एक शब्द नाही. लोवेल खांद्यावरची पिशवी न काढता उभा राहिला. त्या दिवशी अर्ध्या गावाचं टपाल पाऊण तास उशिरा पोचलं आणि वरिष्ठांकडून बोलणी खावी लागली. त्याचं आपल्याला काहीच वाटलं नाही, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. कोणी आपल्यावर रागावलंय आणि आपल्याला काही वाटत नाही, असा त्याच्या आयुष्यातला तो बहुधा एकच दिवस.

ऑगींनी त्याला शिकवायला दोन वर्षं घेतली. नियम दोनच. कसं केलं ते सांगायचं नाही, आणि कोणी 'पुन्हा दाखव' म्हटलं तर दाखवायचं नाही. पहिल्या वेळी माणूस बघत असतो, दुसऱ्या वेळी तो पाळत ठेवतो, असं ऑगी म्हणायचे. लोवेलने पहिला नियम पाळला. दुसरा त्याला एकदाही जमला नाही. मुलं 'पुन्हा, पुन्हा' करायला लागली की याचे कान लाल झालेच. परिणाम असा की आमच्या गावातल्या प्रत्येक पोराला नाणं कुठल्या खिशात जातं ते ठाऊक होतं. एकदा प्रेस्कॉटांच्या थोरल्या नातीने खेळ अर्ध्यावर असताना त्याला शांतपणे सांगितलं, "घाई करू नका, ते तुमच्या डाव्या बाहीत अडकलंय." आणि ते खरंच अडकलेलं होतं.

पेल्यांच्या खेळाला सात मिनिटं लागतात. लोवेलने तो लोकांसमोर पहिल्यांदा केला तो एका वाढदिवसाला. आठ-आठ वर्षांची बारा मुलं. सहा मिनिटं ती गप्प बसली होती. मग त्याच्या बोटांतून एक चेंडू खरोखरच निसटला आणि टेबलाखाली गडगडत गेला. मुलं हसून लोळली. निघताना त्या मुलाची आई दारात म्हणाली, "तुमचं ते चेंडू पडणं सगळ्यात मस्त होतं हं. पुढच्या वर्षीही तेच करा." पुढच्या वर्षी त्याने तेच केलं.

तिथून गमत्या लोवेल तयार झाला. कांडी मोडायची, टोपीचा तळ गळून पडायचा, ससा वेळेआधीच डोकं वर काढायचा आणि याला मात्र ते दिसायचं नाही. लोक ओरडून सांगायचे, हा भलतीकडेच बघायचा. मीही पोट धरून हसले आहे, खोटं कशाला सांगू. चुकायचं कधी यालाही सराव लागतो, अर्धा क्षण इकडेतिकडे झाला तर कोणी हसत नाही, असं तो मला समजावून सांगायचा. "लोकांना माझ्यापुढे आपण हुशार आहोत असं वाटतं," तो म्हणायचा. "तेवढं सुख देता आलं तर वाईट काय?" वाईट काहीच नव्हतं. फक्त पेल्यांचा खेळ त्यात कुठे बसत नव्हता. म्हणून तो त्याने तळघरात नेऊन ठेवला.

रोज सकाळी पाच ते सहा. पोस्टात जायच्या आधी तो तळघरात उतरायचा आणि पेल्यांचा खेळ करायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. नेल्डाला अंथरुणात लाकडावर तांबं टेकल्याचा आवाज ऐकू यायचा. शेवटचे तीन आवाज लागोपाठ आले की ती उठून कॉफी टाकायची. ते लाल चेंडू तिनेच विणलेले होते. लग्नाआधी तिने त्याला दिलेली पहिली भेट तीच. झिजले की नवीन विणायची. पण तो खेळ तिने पुरता कधी पाहिला नव्हता. हात नीट बसला की दाखवतो, असं म्हणता म्हणता इतकी वर्षं गेली.

आमच्याकडे जादूगारांचं एक मंडळ आहे. अकरा पुरुष आणि ग्रंथालयातली ट्रूडी. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी ते मेन स्ट्रीटवरच्या हॉटेलात मागच्या खोलीत जमतात, एकमेकांना खेळ दाखवतात आणि चेरीची पेस्ट्री खात एकमेकांचे दोष काढतात. ऑक्टोबरात शाळेच्या सभागृहात त्यांचा वार्षिक कार्यक्रम. त्यात लोवेलचं काम ठरलेलं होतं. एका जादूगाराचं सामान आवरून दुसऱ्याचं मांडेपर्यंत पडद्यापुढे उभं राहून काहीतरी पाडायचं. सव्वीस वर्षं त्याने ते केलं.

सहा वर्षांपूर्वी मंडळाला पन्नास वर्षं झाली. ऑगी तेव्हा सत्त्याऐंशीचे होते, दुकान नात रेनाटा चालवायची, पण मंडळात त्यांचा शब्द कोणी मोडत नव्हतं. त्यांनी सांगितलं, यंदा लोवेलला पडदा वर करून, भर मंचावर, त्याची स्वतःची दहा मिनिटं द्या. आणि लोवेलला सांगितलं, "पेले कर. बाकी काही आणू नकोस."

लोवेल त्या दिवशी घरी आला तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत, एकसष्टाव्या वर्षी. नेल्डाने लगेच केस सेट करायची वेळ घेऊन टाकली. आणि मग त्याने ती चूक केली. जो भेटेल त्याला विचारायला लागला.

मंडळाचा अध्यक्ष गॉर्डन विंक म्हणाला, सात मिनिटं मुक्याने? लोक झोपतील, दोन-चार विनोद घाल. ग्रंथालयातून ट्रूडीने विचारलं, ससा असणार ना? मुलं विचारताहेत. चर्चमधल्या बायकांना त्याचा पिवळा चौकड्यांचा कोट आवडत होता, काळ्यात तो मयताला आल्यासारखा दिसेल म्हणाल्या. मलाही विचारलं. मी म्हटलं, मागे थोडं संगीत ठेव. मला काय कळत होतं त्यातलं? पण विचारलं तर माणूस काहीतरी सांगतोच. प्रत्येकाला त्याने 'हो, का नाही' म्हटलं आणि प्रत्येकाचं घातलं. सप्टेंबरच्या मंगळवारी त्याने मंडळापुढे खेळ केला तेव्हा तो चौदा मिनिटांचा झाला होता.

ऑगींनी पेस्ट्रीची बशी बाजूला सारली. पुढचं मला ट्रूडीने नंतर सांगितलं.

"ससा ग्रंथालयाचा," ऑगी बोटांवर मोजत म्हणाले. "विनोद गॉर्डनचे. कोट चर्चचा. गाणं कोणाचं?"

"शेजारणीचं," लोवेल म्हणाला.

"म्हणजे तुझे फक्त पेले. आणि तेही मी दिलेले."

लोवेलने सगळं काढून टाकलं. कोटसुद्धा. महिनाभर तळघरातून सकाळी दोन-दोनदा आवाज येत होता.

कार्यक्रम संध्याकाळी सातचा. सभागृह भरलं होतं, चारशे तरी माणसं असतील. नेल्डा पहिल्या रांगेत कडेला बसली होती, मी तिच्या शेजारी, ऑगी पलीकडच्या टोकाला काठीवर दोन्ही हात ठेवून. पडदा वर गेला. काळा कोट, छोटं लाकडी टेबल, तीन पेले. लोवेल काही बोलला नाही. पहिला चेंडू गेला, निघाला, दुसरा गेला. मी त्या माणसाला हजार वेळा पाहिलं होतं, पण ते हात मी ओळखत नव्हते. पाण्यात हात घालून काहीतरी शोधावं तसे ते सावकाश चालले होते. नेल्डा पर्स छातीशी धरून पुढे वाकली होती.

तीन-साडेतीन मिनिटं झाली असतील. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग एक बाप्या शेजारच्याला सांगावं तसं म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "थांब, आता पाडतो बघ." हशा पिकला. वाईट मनाने नव्हे, अगदी प्रेमाने. गमत्या लोवेल इतका वेळ गप्प राहिलाय म्हणजे मोठीच फजिती होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं आणि आता ते वाट बघत होते.

लोवेलने वर बघितलं. चारशे तोंडं हसायच्या तयारीत. मी त्याच्या इतकी जवळ होते की मला त्याचे कान दिसले.

त्याने बोटं उघडली. चेंडू टेबलावर पडला, तिथून घरंगळत मंचाच्या कडेपर्यंत आला आणि नेल्डाच्या पायाशी पडला. सभागृह हशाने दणाणलं. मग काय, त्याने पेला नाकावर घातला, तो निघेना, लिंबं खिशातून सांडली, एक लिंबू गॉर्डनने झेललं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. 'प्रेक्षकांचा आवडता' म्हणून त्या वर्षीची ढाल त्यालाच मिळाली. नंतर खालच्या दालनात कॉफी आणि पेस्ट्री होती, तिथे लोवेल हातात ढाल घेऊन ऑगींना शोधत फिरत होता. ते बाजूच्या दाराने कधीच निघून गेले होते.

नेल्डाने लाल चेंडू पर्समध्ये टाकला. बऱ्याच महिन्यांनी एकदा वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "मी पण हसले गं. चेंडू माझ्याच पायाशी आला आणि मी हसले."

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पेले त्याने मोज्यात गुंडाळून रंगाच्या डब्यांमागे ठेवले. कार्यक्रम मात्र चालूच होते, उलट वाढले. कॅलेंडरवर आता रविवारही भरायला लागले. लोवेल फुगे फुगवायचा, ससा काढायचा, पाडायचं ते पाडायचा. घरी आल्यावर सामानाची पेटी गाडीतच ठेवायचा, आत आणायचा नाही. पूर्वी तो पेटी आत आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक वस्तू पुसून ठेवत असे.

एप्रिलमध्ये प्रेस्कॉटांच्या धाकट्या नातीचा वाढदिवस होता. साधा नाण्याचा खेळ, नवीन काही नाही. त्यात त्याच्या हातातून नाणं पडलं आणि मुलं हसली. लोवेल मात्र तसाच उभा राहिला. मुलांना वाटलं हाही खेळाचाच भाग, ती आणखी हसली. मिसेस प्रेस्कॉट म्हणाल्या, कमाल केलीत आज, किती वेळ तसेच पुतळ्यासारखे उभे होतात. तो घरी आला आणि गाडी गॅरेजमध्ये लावून आतच बसून राहिला. अर्ध्या तासाने नेल्डा बघायला गेली.

"काय झालं?"

"नाणं पडलं."

"रोजच पडतं."

"नेल्डा, मी पाडलं का ते आपोआप पडलं, मला कळलं नाही." त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि त्यांच्याकडेच बघत होता. "मी बराच वेळ विचार केला. नाहीच कळलं."

नेल्डा त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिने त्याला विचारलं, हे सगळं बंद करायचं का. तो हो म्हणाला. तसा तो सगळ्यालाच हो म्हणायचा, त्यामुळे तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन बसला. पुढचे नऊ कार्यक्रम ठरलेले होते, सगळ्यांना नाही सांगायचं. नेल्डा म्हणाली मी करते, तर म्हणाला नको, माझं मी बघतो. ती बाहेर कोंबड्यांना दाणे घालून, अंडी गोळा करून परत आली तोवर त्याचे सगळे फोन झाले होते. नऊ जणांना नाही सांगायला बसलेला माणूस उठला तेव्हा अकरा कार्यक्रम ठरलेले होते. दोघांनी बोलता बोलता आणखी एकेक तारीख घेतली होती.

"पोस्टात होतास तेच बरं," नेल्डा म्हणाली. "दुकान टाकलं असतंस तर गिऱ्हाइकाला गल्लासकट घरी पाठवलं असतंस."

ते अकरा कार्यक्रम त्याने केले. पण नेल्डाने त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारवर पेनने, मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहून टाकला: ऑगी. फोन आला की ती स्वतः उचलायची. "शनिवारी तो ऑगींकडे असतो," असं म्हणायची आणि लोकांनी पुढे काही विचारायच्या आत हवापाण्याचं काढायची. आता तिने लिहिलंच आहे म्हटल्यावर लोवेलला जावं लागलं. बायकोलाही त्याने कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी तो मोज्यात गुंडाळलेले पेले घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेला आणि ऑगींसमोर उभा राहून माफी मागायला लागला. ऑगी खिडकीजवळच्या खुर्चीत होते.

"मला खूश करायला आलायस?" ते म्हणाले. "मग जा घरी. तुझी रांग मोठी आहे, मी मागे उभा राहतो."

लोवेल गेला नाही. मग ऑगींनी त्याला मागच्या कोपऱ्यातल्या फळीशी, आरशासमोर उभं केलं आणि खेळ कर म्हणाले. एक मिनिट झालं नसेल, त्यांनी थांबवलं. केस कापताना गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकतात ते कापड रेनाटाकडून मागून घेतलं आणि आरशावर टाकायला सांगितलं.

"आरशात माणूस हात बघतो," ते म्हणाले. "तू तोंड बघतोयस. स्वतःचं बघून झालं की माझं."

आणि त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली, लोवेलकडे पाठ करून.

पूर्ण उन्हाळा असाच गेला. समोर कापडाने झाकलेला आरसा, मागे ऑगींची पाठ, बाजूला रेनाटाची कात्री, आणि गिऱ्हाइकं मासिकात डोकं घालून बसलेली. ऑगींनी सगळ्यांना बजावलं होतं, कोपऱ्यात बघायचं नाही. पहिले काही आठवडे लोवेलचे हात मेल्यासारखे झाले होते. कोणी बघत नसेल तर चेंडू कुठे न्यायचा हेच आठवेना. मला तो म्हणाला, आपण इतकी वर्षं तळघरात एकटे होतो असं वाटायचं, पण तिथेही मनात सगळं गाव बसवलेलं होतं. जुलैत कधीतरी ऑगींनी शेवटची लिंबं बदलली. दोन लिंबं राहू दे, तिसऱ्या पेल्याखाली अंडं आण म्हणाले. कच्चं. लिंबू पाडलं तर उचलता येतं. तेव्हापासून दर शनिवारी नेल्डा त्याला आपल्या कोंबड्यांचं एक अंडं द्यायची, आणि निम्म्या वेळा तो ते घरीच विसरायचा, मग ती नेऊन द्यायची.

सप्टेंबरातली गोष्ट. प्रेस्कॉट मंडळी तळ्याकाठी गेली होती आणि नेहमीप्रमाणे मांजर लोवेलवर सोपवलेलं. संध्याकाळी मांजर आमच्या मागच्या दारी येऊन ओरडायला लागलं. मी नेल्डाला फोन केला, तिने दुकानात केला. लोवेल सकाळी साडेनऊला गेलेला, चार वाजले तरी तिथेच होता. जेवला नव्हता, मांजर पार विसरला होता. हे मी गावात दोघींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. नेल्डा मात्र मांजराला माशाचा डबा उघडून देताना गुणगुणत होती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. पाहुणे येणार म्हणून सगळ्यांनाच केस कापायचे होते. माझा नवरा रांगेत होता, मी त्याला घ्यायला गेले होते. गॉर्डन विंक खुर्चीत होता. लोवेल कोपऱ्यात. नेल्डा अंडं घेऊन आली, कोट न काढता दारातूनच देऊन निघणार होती, तेवढ्यात ऑगींनी काठी टेकली आणि आपली खुर्ची फिरवली.

"आज मी बघणार," ते म्हणाले. "टेबल मध्ये आण."

रेनाटाने मासिकांचं टेबल रिकामं केलं. लोवेलने तीन पेले मांडले. आम्ही सात-आठ जण होतो. नेल्डा दाराला टेकून उभी होती, हातमोजे तसेच. लोवेलने आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही, हातांकडे बघितलं, आणि सुरुवात केली.

खेळ तोच, शाळेत अर्ध्यावर राहिलेला. पण तेव्हा मला वाटलं होतं हात काहीतरी शोधताहेत. आता त्यांना ते कुठे आहे ते माहीत होतं. पहिला पेला उचलला, लिंबू. दुसरा, लिंबू. तिसऱ्याखालून अंडं निघालं आणि ते त्याने दोन बोटांनी उचलून वर धरलं.

"अंडं," गॉर्डन खुर्चीतून म्हणाला. "आता बघा मजा."

माझ्या नवऱ्याला हसू फुटलं. आणखी एक-दोघं हसले. लोवेलचे कान लाल झाले, मानेपर्यंत. ते अंडं फुटलं असतं तर त्या दुकानात वर्षभर पुरेल एवढं हसू झालं असतं, आणि हे आमच्याइतकंच त्यालाही कळत होतं. त्याने अंडं खाली आणलं, टेबलावर टेकवलं आणि ते डुलायचं थांबेपर्यंत बोट तसंच ठेवलं. मग बोट उचललं.

माझ्या नवऱ्याने दोन टाळ्या वाजवल्या आणि एकटाच आहे असं लक्षात येऊन थांबला. नेल्डाने हातमोजा काढला आणि परत घातला.

"मला शेवटचं नीट दिसलंच नाही," गॉर्डन म्हणाला. "रेनाटाने माझी मान वाकवली होती. पुन्हा कर की लोवेल, एकदाच."

"हो, हो, पुन्हा," बाकीचेही म्हणाले.

आम्ही सगळे 'हो, का नाही' ऐकायला थांबलो होतो. ऑगी काठीच्या मुठीकडे बघत होते.

"नाही," लोवेल म्हणाला. "नाही, गॉर्डन. ते एकदाच असतं."

गॉर्डन हसला, मग लोवेल हसत नाही हे पाहून थांबला. "बरं बाबा," म्हणाला, "मोठा झालास आता." लोवेल पेले एकात एक घालायला लागला. ऑगींनी त्याला शाबास वगैरे काही म्हटलं नाही. रेनाटाला तेवढं सांगितलं, "त्या आरशावरचं कापड काढ."

गॉर्डनच्या मनातून ते गेलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात लोवेलचं नाव यादीत नव्हतं, पडद्यापुढे आता दुसराच कोणी असतो. प्रेस्कॉटांनी नातीसाठी कॅलमझू शहरातून जादूगार आणला. लोवेलला माज चढलाय असं म्हणणारी दोन-चार घरं आहेत. त्याच्यानंतरच्या हिवाळ्यात ऑगी गेले. मंडळाच्या रीतीप्रमाणे कोणीतरी शवपेटीपाशी उभं राहून गेलेल्याची कांडी मोडायची असते. रेनाटाने लोवेलला विचारलं, आणि त्याने ती मोडली. आमच्या रांगेत एकाने सवयीने तोंडावर हात ठेवला होता, पण हसण्यासारखं काही झालं नाही.

कॅलेंडर अजून फ्रिजवर असतं. महिन्यातून एक-दोन चौकोन भरलेले, ते लोवेलच्या अक्षरात. सकाळी पाचला त्यांच्या तळघराच्या खिडकीत दिवा दिसतो. बर्फ तो अजूनही उपसून देतो, मांजरंही सांभाळतो, म्हणजे आठवलं तर.

गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला. माझी नात सात वर्षांची होणार होती.

"येईन," तो म्हणाला. "पेले करेन. फुगे नाही."

मी म्हटलं, अरे, पण मुलांना फुगे आवडतात, तू एवढी वर्षं करायचास, दोन-चार तरी. आणि थांबले. पलीकडून काहीच आलं नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, कान कसे झाले असतील तेही मला दिसत होतं. पूर्वी असली शांतता तो दोन क्षण टिकू द्यायचा नाही. यावेळी त्याने ती तशीच राहू दिली, शेवटी मलाच बोलावं लागलं. मी म्हटलं, बरं, पेलेच कर. शनिवारी अकरा वाजता ये. येताना अंडं आणू नकोस, आमच्याकडे आहेत.

"नको," तो म्हणाला, "नेल्डाचंच आणतो."